अंडरकट आणि लोणी

स्टेकबद्दल मराठीत लिहायचं तर आधी जनावर कोणतं ते सांगावं लागतं. इंग्रजीत ती गरज पडत नाही. तिथे नुसतं स्टेक म्हटलं की गाय-बैलाचं मांस गृहीत असतं, बाकीच्यांना आपापलं नाव पुढे लावावं लागतं. आपल्याकडे उलटं आहे. कोपरखैरणेच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये महिन्यातून एखाद्या रविवारी मी जो स्टेक करते तो म्हशीचा असतो. रेड्याचाही असेल. विकणारा सांगत नाही आणि शिजल्यावर कळत नाही.

महाराष्ट्रात गाईची कत्तल १९७६ च्या कायद्यानंच बंद होती. बैल आणि वळू त्यात आणणारी दुरुस्ती विधिमंडळानं १९९५ साली मंजूर केली, पण राष्ट्रपतींची संमती मिळायला वीस वर्षं गेली. मार्च २०१५ मध्ये ती लागू झाली तेव्हा मी लातूरला बारावीची परीक्षा देत होते आणि वर्तमानपत्र वाचायला मला वेळ नव्हता. पुढे मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली, पण परराज्यात कापलेल्या जनावराचं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं आणि आपण निर्दोष आहोत हे आरोपीनंच सिद्ध करायचं, हे कलमही काढून टाकलं. बाहेरच्या देशातून बीफ आणायला तर देशभरच मनाई आहे. त्यामुळे रील्समध्ये ज्या जपानी वाग्यूवर लोण्याची वडी वितळताना दिसते, ते मांस इथे कायदेशीर मार्गानं येतच नाही. उरते म्हैस. तिला कायद्यानं, अटी-परवानग्यांसकट, कापायला ठेवलेलं आहे. म्हशीच्या वाट्याला आपल्याकडे एकूणच असं येतं. दूध तिचं, पूजा गाईची. ज्ञानेश्वरांनी वेद वदवले ते रेड्याच्या तोंडून, पण त्यामुळे रेड्याची जात काही सुधारली नाही.

‘अंडरकट’ हा शब्द मला माझ्या रूममेटनं दिला. ती वसईची, ख्रिस्ती. तिच्या घरी नाताळला तो लागतोच. इंग्रजी पुस्तकांत ज्याला टेंडरलॉइन म्हणतात त्यालाच मुंबई-वसई-गोव्याकडचे खाटीक अंडरकट म्हणतात. पाठीच्या कण्याच्या आतल्या बाजूनं, कमरेपाशी, लांबट निमुळता स्नायू असतो. जनावराला चालताना, ओढताना, वजन पेलताना त्याचा फारसा उपयोग नसतो, म्हणून तो मऊ राहतो. हे म्हशीच्या बाबतीत फार महत्त्वाचं. परदेशात स्टेकसाठीची जनावरं दीड-दोन वर्षांची, धान्य खाऊ घालून वाढवलेली असतात. आपल्याकडे म्हैस बहुतेकदा दूध द्यायची थांबल्यावर विकली जाते, म्हणजे चांगली वय झालेली असते. तिच्या मांडीचा तुकडा चार मिनिटं तव्यावर टाकला तर चप्पल चावल्यासारखं होईल. झटपट भाजून खाता येईल असा तिच्या अंगावर एवढाच एक भाग. त्यात चरबीही जवळपास नसते, आणि म्हणूनच लोणी लागतं.

आणताना मी बिल घेते आणि त्याचा फोटो काढून ठेवते. पावतीवर ‘बफेलो’ असा शब्द आहे ना, ते बघते. पोलिसांनी मांस पकडलं की ते गाईचं की म्हशीचं हे ठरवायला नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, कारण डोळ्यांनी सांगता येत नाही, आणि अहवाल येईपर्यंतचे दिवस कुणाचे कसे जातात याच्या बातम्या आपण वाचलेल्या असतात. घरमालकाच्या करारात ‘नॉनव्हेज चालेल, बीफ नाही’ असं एक हातानं लिहिलेलं वाक्य आहे. म्हैस त्यात येते का, हे मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. मागच्या पावसाळ्यात एकदा मी तवा तापवलेला असताना सोसायटीच्या ग्रुपवर ‘कुठल्या फ्लॅटमधून वास येतोय?’ असा मेसेज पडला. आम्ही दोघींनी गॅस बंद केला, खिडकी लावली आणि एकमेकींकडे बघत बसलो. दहा मिनिटांनी कळलं, तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी सुके बोंबील भाजले होते.

गंमत म्हणजे आमच्या घरापासून तासाभरावर न्हावा-शेवा आहे. तिथून म्हशीचं गोठवलेलं, हाडं काढलेलं मांस रेफ्रिजरेटेड कंटेनरमधून मलेशिया, व्हिएतनाम, इजिप्तकडे जातं. भारत या मांसाच्या जगातल्या मोठ्या निर्यातदारांपैकी एक आहे. उरणच्या रस्त्याला रात्री त्या पांढऱ्या कंटेनरांची रांग लागते, पुढच्या बाजूला कूलिंगचं मशीन घुमत असतं. कोणत्या कंटेनरमध्ये द्राक्षं आणि कोणत्यात म्हैस हे बाहेरून समजत नाही. त्याला कुणी वास विचारत नाही.

आता कृती. मी इंजिनिअर आहे, त्यामुळे इथे माझं बोलणं थोडं लांबेल.

अंडरकटवर एका बाजूनं चंदेरी, चिवट पापुद्रा असतो. तो सुरीच्या टोकानं सोलून काढायचा, नाहीतर तापल्यावर तो आवळतो आणि तुकडा वाकडा होतो. मग दोन बोटं जाडीचे तुकडे करून सगळीकडून मीठ लावायचं आणि जाळीवर ठेवून, न झाकता, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, मग ते खारं पाणी पुन्हा आत मुरतं, आणि वरचा थर फ्रिजच्या कोरड्या हवेत वाळतो. हे वाळणंच महत्त्वाचं. १९१२ साली लुई-कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं ज्या अभिक्रियेचं वर्णन केलं, ती साखर आणि अमिनो आम्लं यांच्यात होते, आणि तिला जोर येतो साधारण १४० अंशांच्या पुढे. पृष्ठभाग ओला असेल तर पाणी उडून जाईपर्यंत तापमान शंभरावर अडकतं. तोवर मांस भाजत नाही, उकडतं. भाकरीवरचे पापुद्र्याचे डाग, खमंग भाजलेलं खोबरं, लालसर कांदा या सगळ्यांत हाच मायार आहे. आपल्या बायकांनी त्याचं नाव न ऐकता त्याच्यावर संसार केलेत.

बिडाचा तवा हवा, आणि तो धूर निघेपर्यंत तापवायचा. तेल तव्यात न घालता मांसाला चोळायचं. दर अर्ध्या मिनिटाला उलटायचं. ‘एकदाच उलटा, म्हणजे रस आत बंद होतो’ हे खरं नाही. रस बंद वगैरे काही होत नाही, तव्यावर चुरचुरतं ते त्या रसाचंच पाणी असतं. मधोमध थर्मामीटरची सुई खुपसायची आणि ५२ अंशांना उतरवायचं. पाच-सात मिनिटं ठेवलं की बाहेरची उष्णता आत जाऊन ते ५६ पर्यंत चढतं. कापल्यावर जे लाल पाणी येतं ते रक्त नव्हे. तो मायोग्लोबिन, स्नायूतलं प्रथिन. म्हशीत ते जास्त असतं म्हणून रंग गडद.

आणि लोणी. पुस्तकात पार्सली आणि लिंबू असतं. मी तबेल्यातून येणाऱ्या म्हशीच्या दुधाची आठवडाभराची साय विरजून, बर्फाच्या पाण्यासोबत मिक्सरमध्ये फिरवते. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश, गाईच्यात चार. लोणी पांढरंशुभ्र निघतं, कारण गवतातलं कॅरोटीन म्हैस दुधात पिवळं उतरू देत नाही, त्याचं आधीच अ जीवनसत्त्व करून टाकते. शंभरेक ग्रॅम लोण्यात चार भाजलेल्या लसूणपाकळ्या, मूठभर बारीक कोथिंबीर, मीठ, लिंबाचे चार थेंब आणि एक सपाट चमचा काळं तिखट. काळं तिखट आमच्याकडचं, आजीच्या हातचं. ते लोण्यात मिसळून दोन दिवस ठेवलं की वेगळंच होतं, कारण मिरचीचा तिखटपणा आणि मसाल्याचा वास पाण्यापेक्षा स्निग्धात जास्त विरघळतो. बटर पेपरमध्ये गुंडाळी करून फ्रीजरमध्ये ठेवायची आणि मांस ताटात आल्यावर वर एक चकती. तव्यात टाकायची नाही, दुधाचा अंश जळून कडू होतो. तूप वापरून पाहिलं, जमत नाही. तूप नुसतं तेलासारखं पसरतं. लोण्यात पाणीही असतं आणि दुधाची प्रथिनंही, त्यामुळे ते हळू वितळताना मांसाच्या रसात मिसळतं आणि दाटसर सार होतं.

इतकं सगळं मी पप्पांना फोनवर सांगितलं होतं. कामाचं सांगते तसंच, टप्प्याटप्प्यानं. ते ऐकून म्हणाले, “म्हणजे मोठ्याचंच ना?”

पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आमचं गाव लातूर जिल्ह्यात. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, ढोरं ओढणं सोडा असं सांगितलं, हे आमच्या घरात मुलांना पाढ्यांच्या आधी कळतं. मी वाद घातला. म्हटलं, ते मेलेल्या ढोराबद्दल होतं. हे कत्तलखान्यातलं, डॉक्टरनं तपासलेलं, पावतीचं आहे. म्हटलं, १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये बाबासाहेबांनीच मांडलंय ना की अस्पृश्यतेचं मूळ गोमांसात आहे, मग ते खाणाऱ्यांना लाज कशाची, लाज वाटायची तर दुसऱ्यांना वाटू दे. पप्पा शांत होते. मग म्हणाले, “मला पुस्तक सांगू नको. बहात्तरला मी पहिलीत होतो. दुष्काळात गावची ढोरं पटापट मेली. सोडलं-सोडलं म्हणणाऱ्यांच्या घरात पण दोरीवर चान्या वाळत होत्या. माझ्या अंगरख्याला तो वास होता. मास्तर मला वासावरून बाहेर बसवायचा, नावावरून नाही.”

त्यावर मी काही बोलले नाही. आमचा तो विषय तिथेच थांबला आणि बरेच महिने थांबलेला राहिला.

चान्या म्हणजे मांसाच्या लांब पातळ पट्ट्या, उन्हात वाळवलेल्या. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ सालीच आलं, कायदा लागू झाला त्याच वर्षी. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलींवर काय शिजायचं ते त्यात नावानिशी आहे: चान्या, वजडी, रक्ती. २०२४ मध्ये भूषण कोरगावकरांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला, ‘दलित किचन्स ऑफ मराठवाडा’, आणि मग माझ्या ऑफिसमधल्या, मराठी न वाचणाऱ्या लोकांनीही ते वाचलं. एकानं जेवणाच्या टेबलावर मला विचारलं, “तुमच्याकडे असं असतं का?” मी म्हटलं, “माझ्या डब्यात आज मेथी आहे.” पुस्तक मात्र मला फार उपयोगी पडलं. आमच्या घरातल्या कितीतरी गोष्टी कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, त्या तिथे पाककृती म्हणून छापलेल्या होत्या. वाचताना एक गोष्ट सतत जाणवत होती. त्या चुलींवर मांसाचा प्रत्येक भाग आहे, चरबी आहे, आणि दूध-तूप-लोणी जवळजवळ कुठेच नाही. आमच्या घराच्या हिशेबानं पाहिलं तर माझ्या ताटातला अंडरकट जुना होता. त्याच्यावरची लोण्याची चकतीच नवी होती.

मग गेल्या हिवाळ्यात आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पप्पा तिला घेऊन माझ्याकडे आले, दोन आठवडे. रूममेट नाताळला वसईला गेली होती. पहिला रविवार मी वरण-भातावर काढला. दुसऱ्या रविवारी फ्रिज उघडताना आजीनं जाळीवरचं मांस पाहिलं. डोळ्यावर काळा चष्मा, तरी पाहिलं.

“काय गं हे, वाळू घातलंस व्हय?”

मी काय आहे ते सांगितलं. पप्पांनी पायात चपला घातल्या आणि खाडीकडे चक्कर मारून येतो म्हणाले. आजी ओट्याजवळ स्टूल घेऊन बसली. तिला मी जे करत होते त्याचं फार नवल वाटलं नाही. सुई खुपसली तेव्हा मात्र ती हसली. “ताप बघतीस का त्याचा?” तुकडा हातात घेऊन तिनं अंगठ्यानं दाबला, फिरवून पाहिला. म्हणाली, “चरबी न्हाई की गं ह्याला. ही तर दात पडलेल्यांची बोटी.” मला वाटतं, टेंडरलॉइनची याहून नेमकी व्याख्या कुठल्या पुस्तकात नसेल.

लोण्याची गुंडाळी बाहेर काढली तेव्हा तिनं विचारलं, “लोणी कुणाचं?”

मी म्हटलं, “माझंच. मी काढलं.”

“तू?” तिनं बटर पेपर उलगडला. मग जे सांगितलं ते असं. लग्न होऊन आली तेव्हा वाड्यावर काम असे. आवार झाडणं, जळण फोडणं, शेण भरणं. म्हशी सहा. सकाळी आतून रवीचा आवाज यायचा. घुसळून झालं की वाड्यातली बाई ताक द्यायची, उंबऱ्याच्या आतून, वरून ओतून. भांडं उचलून धरायचं नाही, खाली ठेवून मागे सरायचं. ताकावर कधी लोण्याचा एखादा बारका कण तरंगत येई. तो कुणाला द्यायचा याचं घरात वाटप ठरलेलं होतं, पोरांना पाळीनं. पप्पांचीही पाळी असायची. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. ही म्हण ज्यानं केली त्याचं भांडं कुणीतरी हातात घेत असणार.

“आन् ती म्हस मेली की आमच्याच दारात,” आजी म्हणाली. तिनं हे काही मोठ्या आवाजात सांगितलं नाही. ती लसूण सोलत होती.

मांस उतरवलं, सात मिनिटं ठेवलं, वर चकती ठेवली. आजीनं आधी लोणी बोटावर घेतलं. मग शिळ्या भाकरीचा तुकडा मागितला आणि त्यावर लोणी फासून खाल्लं. मग दुसरा तुकडा. तोवर ताटातलं मांस निवत होतं आणि मला, खरं सांगते, त्याचीच काळजी वाटत होती, कारण ५६ अंशांचं मांस निवलं की चव जाते. शेवटी तिनं एक फोड घेतली. बराच वेळ चघळली. मला कळेना, चावत नाहीये की आठवतेय.

“कोवळं हाय,” ती म्हणाली. “पर ह्याला आपला वास न्हाई.”

दुसरी फोड तिनं घेतली नाही. उरलेलं मी खाल्लं, सगळं, निवलेलं. चांगलं झालं होतं.

पप्पा आठच्या सुमारास आले. खिडक्या उघड्या होत्या, पंखा चालू होता, तरी वास होताच, पण तो लसणाचा आणि काळ्या तिखटाचा जास्त होता. ते वरण-भात जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी टाकत होते तेव्हा ते स्वतःच फ्रिजमधून ती गुंडाळी घेऊन आले आणि गरम भाकरीवर त्यांनी जाड चकती ठेवली. ती वितळून कडेला आली तसे बोटानं निपटून घेत राहिले. तीन भाकऱ्या खाल्ल्या. विचारलं काय, तर “मिक्सरला किती वेळ लागतो?” मी म्हटलं, साय थंड असेल तर चार-पाच मिनिटं. “आणि ताकाचं काय करतेस?” म्हटलं, कधी कढी, कधी तसंच टाकून देते. टाकून देते म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्याच संध्याकाळी कढी केली.

जाताना लातूर एक्स्प्रेस ठाण्याहून होती. उरलेली गुंडाळी आजीला हवी होती. मी ती फ्रीजरमधून काढून स्टीलच्या डब्यात घातली, वर तीन वर्तमानपत्रं गुंडाळली. पहाटे कुर्डुवाडीला फोन आला की सगळं पाणी झालंय आणि पिशवीला वास सुटलाय, डब्यातली माणसं विचारतायत काय नेताय. घरी पोचल्यावर आजीनं ते चुलीवर कढवलं. खाली लसूण-कोथिंबीर कुरकुरीत झाली ती तिनं चटणीसारखी खाल्ली, वरचं लालसर तूप बरणीत भरलं आणि पिठल्याच्या फोडणीला वापरते म्हणाली. पप्पांनाही लागतं, असंही म्हणाली. पुढच्या वेळी मात्र लोण्यात मीठ घालू नको, कढवताना खाली बसतं.